हलक्या चापाचा हिशेब

संपादक महोदय,

छोट्या पिस्तुलाचा चाप बदलून घेण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सुट्या भागांची ओळख नीट करून दिली आहे, छायाचित्रेही स्पष्ट आहेत. पण 'चाप जितका हलका, तितका नेम पक्का' हे वाक्य लेखात दोनदा आले आहे आणि चौकटीतला आतली एक स्प्रिंग कापून आखूड करण्याचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. त्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, पण विषय किलो-ग्रॅमचा आहे आणि तो ढोबळपणे सांगून भागत नाही.

आधी एक शब्दाची बाब. 'घोडा दाबला' असे मराठी बातम्यांत सर्रास छापून येते. घोडा म्हणजे हॅमर, मागून येऊन पिनवर आदळणारा तुकडा. बोट ज्यावर असते तो चाप. आजच्या बहुतेक छोट्या पिस्तुलांना घोडा नसतोच. आत स्ट्रायकर असतो, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर सरळ रेषेत धावणारी जाडसर सुई. हा नुसता शब्दच्छल नाही. घोड्याच्या पिस्तुलात चाप जड आहे तो कशामुळे आणि स्ट्रायकरच्या पिस्तुलात कशामुळे, याची उत्तरे वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की काम बिघडते.

चाप ओढताना बोटाला काय काय कळते ते पाहा. सुरुवातीची मोकळी चाल. मग तो जिथे अडतो ती जागा, जिला नेमबाज वॉल म्हणतात. वॉल ओलांडताना तो सरळ तुटतो की रबरासारखा ताणत जातो. स्ट्रायकर सुटल्यावरही चाप किती मागे जातो. आणि बोट सैल केल्यावर रीसेटची टिक, म्हणजे चाप पुढच्या गोळीसाठी पुन्हा तयार झाल्याची खूण, कुठे लागते. वजनकाट्यावर यातले एकच दिसते: वॉल ओलांडायला लागलेले सर्वाधिक वजन. अडीच किलोचा पण काचेसारखा तुटणारा चाप हाताला दोन किलोच्या खरखरीत चापापेक्षा हलका वाटतो, आणि गोळीही जागेवर जाते. तरी लोक काट्याचा आकडा विचारतात, कारण तो सांगायला सोपा असतो.

त्या आकड्याचेही काही खरे नसते. चाप ही एक तरफ आहे, वर टेकूच्या पिनवर फिरणारी. काट्याचा हूक पिनपासून २० मिलिमीटरवर लावला आणि अडीच किलो आले, तर तोच चाप १६ मिलिमीटरवर मोजल्यास तीन किलोच्या वर, नेमके सांगायचे तर ३.१२५ किलो दाखवेल. चापात काहीच बदललेले नसते, आकडा फक्त वर सरकलेला असतो. 'बसवण्यापूर्वी' आणि 'बसवल्यानंतर' अशा तक्त्यांतली निम्मी करामत इथेच असते. मोजायचे तर चापावर पेन्सिलीने खूण करावी, काटा नळीला समांतर ओढावा, दहा वेळा मोजावे, पहिली दोन मापे सोडून द्यावीत आणि उरलेल्या आठांची सरासरी घ्यावी. सरासरीपेक्षा त्या आठांतला कमी-जास्तपणा जास्त बोलका असतो. दोनशे-अडीचशे ग्रॅमचा फरक पडत असेल तर दोष घर्षणाचा आहे. स्प्रिंग बदलून तो जाणार नाही.

आता मुद्द्याचा हिशेब. पिस्तूल हातातून निसटून स्लाइडच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकावर पडले, तर पिस्तूल थांबते पण चाप आणि त्याला जोडलेला ट्रिगर बार (चापाची ओढ मागे पोचवणारी पट्टी) आपल्या वेगाने मागेच जाऊ पाहतात. म्हणजे जमीनच चाप ओढते. उद्योगाच्या प्रचलित चाचणीत पिस्तूल चार फुटांवरून, म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून, रबरी चटईवर ठरावीक दिशांनी टाकतात. समजा, हलणारे भाग मिळून १० ग्रॅम आहेत. त्यांच्यापाशी १० गुणिले १२२, म्हणजे १२२० ग्रॅम-सेंटिमीटर इतकी ऊर्जा असते. उलट बाजूला, चाप पुरता ओढायला किती लागते? मूळ चापाची मोकळी चाल ८ मिलिमीटर, सरासरी एक किलोची; पुढची ४ मिलिमीटर अडीच किलोची, असे धरू. ८०० अधिक १०००, एकूण १८००. जमिनीला चाप ओढणे परवडत नाही. आता 'सुधारणा' करा. मोकळी चाल ५ मिलिमीटर आणि सातशे ग्रॅम, वॉल ३ मिलिमीटर आणि दीड किलो. ३५० अधिक ४५०, म्हणजे ८००. शिवाय प्लास्टिकच्या जागी धातूचा चाप बसवून ३ ग्रॅम वाढवलेत, तर पडताना ऊर्जा होते १५८६. म्हणजे पारडे उलटले. आकडे मी सोयीचे गोल घेतले आहेत, प्रत्येक पिस्तुलाचे वेगळे निघतील. पण एकाच वेळी वजन, चाल आणि चापाचे वस्तुमान या तिन्हींशी खेळले की काय होते, ते या बेरजेत दिसते.

हे नुसते कागदावरचे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिग सॉअर कंपनीने आपल्या पी३२० पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, ती पिस्तूल पडल्यावर गोळी सुटण्याच्या तक्रारींनंतर. त्या सुधारणेत चाप, सिअर (स्ट्रायकरला अडवून धरणारा तुकडा) आणि स्ट्रायकर यांचे वजन कमी केले आणि एक यांत्रिक डिसकनेक्टर (स्लाइड पूर्ण मिटलेली नसताना चापाचा संबंध तोडणारा भाग) वाढवला. नीट वाचा: कमी केले ते भागांचे वजन. ओढीचे वजन आणि भागाचे वजन या दोन गोष्टींसाठी मराठीत एकच शब्द वापरला जातो, आणि लेखातही तसा घोळ झाला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने चाप स्वतः हलका असणे चांगले. त्याची ओढ हलकी असणे हे मात्र जपून करायचे काम.

अनेक पिस्तुलांत चापाच्या मधोमध जी बारीक पाती असते, ती नेमकी या जमिनीच्या ओढीला अडवण्यासाठी. बोट पातीवर पडल्याशिवाय चाप मागे येऊ नये. बाजारातील रुंद, सपाट चापांत ही पाती कधी जाड धातूची असते, कधी तिची स्प्रिंग मऊ असते, कधी ती चापाच्या पृष्ठभागाशी इतकी समतल बसते की बोट बाजूने लागले तरी दबते. चाप विकत घेताना रंग नंतर पाहावा. पातीला हात न लावता, चापाच्या दोन्ही कडांवर दोन बोटांनी जोर देऊन मागे ढकलून पाहावे. तो जागेवर ठाम राहिला पाहिजे. किंचितही सरकून मग अडला तरी तो भाग परत द्यावा.

मोकळी चाल कमी करण्याविषयी लेखात 'स्क्रू अर्धा फेरा फिरवा' एवढेच म्हटले आहे. फार लोक फसतात ते इथेच, म्हणून उदाहरणादाखल ग्लॉक पिस्तुलाची रचना घेतो. कारण ती अनेकांच्या माहितीची आहे आणि पुढच्या कित्येक पिस्तुलांनी तिचीच वाट धरली. ट्रिगर बारच्या मागच्या टोकाला क्रॉसच्या आकाराची पट्टी असते. तिचा उभा भाग स्ट्रायकरला धरून ठेवतो. तिचा आडवा हात ट्रिगर हाउसिंगमधल्या (चापाचे मागचे भाग ज्यात बसतात त्या खोक्यातल्या) एका छोट्या पायरीवर टेकलेला असतो, त्यामुळे पिस्तूल आपटले तरी क्रॉस खाली उतरू शकत नाही आणि स्ट्रायकर सुटू शकत नाही. चाप ओढत आणला की तो हात पायरीवरून मागे सरकतो आणि मगच खाली जायला मोकळा होतो. शिवाय बारवरचा एक उंचवटा स्लाइडमधल्या स्ट्रायकर ब्लॉकला वर ढकलून सुईची वाट मोकळी करतो. म्हणजे ज्या चालीला आपण रिकामी म्हणतो, त्या चालीत दोन कुलपे उघडत असतात. स्क्रू फिरवून चाप आधीच मागे आणून ठेवलात, तर हात पायरीच्या कडेवर येतो आणि ब्लॉक अर्धवट दबलेला राहतो. पिस्तूल सुरळीत चालते, नेमही चांगला लागतो, कुलपे मात्र बोट लागण्यापूर्वीच किलकिली झालेली असतात. स्लाइडच्या मागच्या टोकाला लावायची खिडकीची प्लेट मिळते. तिच्यातून क्रॉसने स्ट्रायकरला किती धरले आहे ते दिसते. ती न लावता हा स्क्रू फिरवू नये.

मागची उरलेली चाल थांबवणारा स्टॉप त्यामानाने कमी घातक आहे, पण चिडवणारा. तो घट्ट लावला की स्वच्छ, तेल लावलेल्या पिस्तुलात क्रॉस जेमतेम उतरतो आणि सारे छान वाटते. शंभर गोळ्यांची काजळी साचली की क्रॉस केसभर कमी उतरतो आणि चाप मागे टेकूनही काहीच होत नाही. स्ट्रायकर सुटतो त्या बिंदूच्या पुढे थोडी चाल उरू द्यावी. दिसायला वाईट, पण चालायला खात्रीची.

स्प्रिंगांचे गणित उलटे आहे हे लेखात सुटले. ग्लॉकमध्ये ट्रिगर स्प्रिंग बोटाला मदत करते, विरोध करते ती स्ट्रायकर स्प्रिंग. म्हणून ट्रिगर स्प्रिंग कडक घातली की ओढ हलकी होते, आणि लोक गोंधळतात. स्ट्रायकर स्प्रिंग मऊ घातली तरी ओढ हलकी होते, पण सुईचा मार कमी होतो. कडक प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या, मार बसताच पेटणाऱ्या टोपीच्या) काडतुसावर मग नुसती खळी पडते, गोळी उडत नाही. दोन्ही एकदम केले तर तोल जातो: चाप पुढे यायला लागणारा जोर स्ट्रायकर स्प्रिंगच देत असते, तो कमी पडला की रीसेट मंदावतो किंवा अर्ध्यात अडकतो. दोन्हींतली एकच बदलावी, आणि स्वसंरक्षणाचे पिस्तूल असेल तर स्ट्रायकर स्प्रिंगला हात लावू नये. घोड्याच्या पिस्तुलात मात्र मुख्य स्प्रिंगच ओढीला जबाबदार असते. तिथे ती एक पायरी हलकी करून पाहतात, आणि पहिल्या, लांब ओढीच्या गोळीला प्रायमर नीट फुटतात का ते तपासत राहतात. कारण त्या ओढीत घोडा कमी मागे जातो आणि मार आधीच कमी असतो.

मग करण्यासारखे काय आहे? माझ्या मते, छोट्या पिस्तुलाला दोनच गोष्टी पुरतात. एक, कनेक्टर, म्हणजे ट्रिगर बारला खाली उतरवणारा उताराचा पत्रा. ग्लॉकचा नेहमीचा कनेक्टर सुमारे अडीच किलोचा, उणे खुणेचा सुमारे दोन किलोचा आणि अधिक खुणेचा साडेतीन किलोच्या वरचा. फरक फक्त त्याच्या उताराच्या कोनाचा. उणे कनेक्टरने ओढ कमी होते, पण वॉल थोडी मऊ, लोळती होते, हे विक्रेते सांगत नाहीत. चाल आणि कुलपे मात्र जशीच्या तशी राहतात, म्हणून हा बदल त्यातल्या त्यात निर्धोक. ज्यांना एकसंध ओढ आवडते ते त्याच्या जोडीला न्यूयॉर्क स्प्रिंग, म्हणजे नेहमीच्या ट्रिगर स्प्रिंगच्या जागी बसणारी वेगळी स्प्रिंग, बसवतात. ती नेहमीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगसारखी टोकाच्या हूकपाशी तुटत नाही, हा तिचा वेगळा गुण.

दोन, घर्षण काढणे. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. कापसाची काडी आणि धातू चमकवायचे क्रीम. ट्रिगर बार कनेक्टरवर घासतो ती कड, ब्लॉकला ढकलणारा उंचवटा, ब्लॉकची गोल बाजू, एवढ्याच तीन जागा. कुठे घासते ते कळायला आधी मार्करने रंगवून पन्नास वेळा रिकामा चाप ओढावा. रंग उडाला तीच जागा. हाताने पाच-सात मिनिटे चोळून चकाकी आली की थांबावे. कानस, सँडपेपर, फिरते यंत्र यांचे इथे काम नाही. या भागांच्या पृष्ठभागावरचा कठीण थर पातळ असतो; तो गेला की खालचा मऊ पोलाद झिजत राहतो आणि आज गोड लागलेला चाप हजार गोळ्यांनी कुठे पोचेल ते सांगता येत नाही. स्ट्रायकरला धरणारी कड आणि क्रॉसची उभी बाजू यांना तर क्रीमही लावू नये. ती कड गोल झाली तर एका ओढीत दोन गोळ्या जाण्यापर्यंत मजल जाते.  

काम सुरू करताना मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या पोकळीत) डोळ्याने आणि करंगळीने खात्री, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत. ग्लॉक उघडताना चाप ओढावाच लागतो, तेव्हा ही खात्री शिष्टाचार म्हणून करायची नाही. गुंडाळीची ट्रिगर स्प्रिंग बाजूने पाहिल्यावर एस अक्षरासारखी दिसली पाहिजे. उलटी बसली तर काही दिवस चालते आणि मग तुटू शकते. स्क्रूला मध्यम ताकदीचा लॉकिंग द्रव (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) टाचणीच्या टोकाएवढा लावावा. ओघळलेला थेंब काय करतो याचे उदाहरण आहे: २०१४ मध्ये रेमिंग्टनने ७०० आणि सेव्हन या रायफलींचे चाप परत मागवले, ते जोडणीत वापरलेले चिकट द्रव्य काही चापांत जास्तीचे राहिले म्हणून. स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल घालू नये. तेलात काजळी बसते, थंडीत घट्ट होते आणि दोष मग नव्या चापाच्या माथी मारला जातो.

जोडून झाल्यावर तपासणी, सगळी रिकाम्या पिस्तुलावर. स्लाइड सुटी असतानाच स्ट्रायकर पुढे ढकलून पाहावा: ब्लॉक न दाबता सुईचे टोक बाहेर येता कामा नये, दाबल्यावर आले पाहिजे. पिस्तूल जोडून कडांवरून चाप ढकलण्याची परीक्षा पुन्हा. चाप ओढून धरावा, स्लाइड मागे नेऊन सोडावी, मग बोट हळूहळू सैल करावे: रीसेटची टिक दर वेळी एकाच जागी यावी. नळी वर करून, चाप दाबून ठेवून स्लाइड हाताने सावकाश पुढे येऊ द्यावी. ती पूर्ण मिटली पाहिजे. स्ट्रायकर ताणलेला असताना स्लाइडच्या मागच्या बाजूला रबरी हातोडीने दहा-बारा ठोके द्यावेत आणि मग चाप ओढावा. सुटल्याचा आवाज आला तर कड धरते आहे, आवाज न आल्यास ती ठोक्यातच सुटली. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, असे पाच-सहा वेळा. त्यानंतरच पूर्ण मॅगझिन. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यांच्या प्रायमरवरच्या खळीची खोली एकमेकींशी ताडून पाहावी. जे काडतूस एरवी भरून ठेवायचे, तेच निदान दोनशे उडाल्याशिवाय पिस्तूल कमरेला लावू नये.

छोट्या पिस्तुलाविषयी आणखी दोन शब्द. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील, तर त्याचे कारण बहुधा पकड असते. मूठ आखूड, करंगळी लोंबती, आणि चाप ओढताना सगळा पंजाच आवळला जातो. हलक्या चापाने हा दोष झाकला जातो, जात नाही. त्यापेक्षा बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर येतो का ते पाहावे. सपाट चापाचा खरा फायदा या पोचेत आहे, वजनात नाही. आणि नवा चाप जाड किंवा पुढे आलेला असेल तर जुने होल्स्टर त्याला घासू शकते. पिस्तूल आत सारताना पाती दाबली गेली तर वर केलेली सारी तपासणी वाया. रिकाम्या पिस्तुलाने, उजेडात, होल्स्टरच्या कडेतून हे बघता येते.

स्पर्धेचे उदाहरण लेखात दिले आहे, तेही अर्धे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर पिस्तुलाच्या चापाची किमान ओढ १००० ग्रॅम आणि १० मीटर एअर पिस्तुलाची ५०० ग्रॅम आहे, हे खरे. पण ती पिस्तुले रेषेवर आल्यावर भरतात, नळी लक्ष्याकडे असते आणि कोणी ती कमरेला लावून जिने चढत नाही. ती किमान मर्यादा आहे. छोट्या पिस्तुलाने गाठायचे ध्येय म्हणून ती छापू नये.

चौकटीतला सल्ला असा आहे की, स्ट्रायकर ब्लॉकची स्प्रिंग एक वेटोळे कापून आखूड केल्यास मोकळी चाल लोण्यासारखी होते. होते खरी. पण ती स्प्रिंग ब्लॉकला खाली, सुईच्या वाटेत दाबून धरते. पिस्तूल उलटे, स्लाइडच्या पाठीवर पडले की ब्लॉक स्वतःच्या वजनाने वाटेतून बाजूला जाऊ पाहतो आणि त्याला रोखायला त्या इवल्या स्प्रिंगशिवाय दुसरे काही नसते. वाचकांपैकी कोणी ती आधीच कापली असेल, तर त्या मॉडेलची नवी मूळ स्प्रिंग बसवून घेईपर्यंत पिस्तूल भरू नये. ही दुरुस्ती पुढच्याच अंकात, चौकटीच्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक